पेटंट, क्षमता आणि औषध : भारतीय नवप्रवर्तन धोरणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

तंत्रज्ञानातील बदल हा आर्थिक वाढीचा प्रमुख स्रोत आहे, याविषयी अर्थशास्त्रात आज फारसे दुमत नाही. दुमत आहे ते हा बदल घडवून आणण्याची व्यवस्था कोणती असावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि तिची फळे कोणाच्या पदरात पडावीत याविषयी. नवप्रवर्तन धोरण या संज्ञेत हे तिन्ही प्रश्न सामावलेले आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी भारतीय औषधोद्योग हे विशेष उपयुक्त क्षेत्र ठरते. एकाच देशात, एकाच उद्योगात, अर्ध्या शतकाच्या अवधीत पेटंट कायद्याची दोन परस्परविरोधी रूपे येथे अमलात आली. १९७२ ते २००४ या काळात औषधी रेणूवर पेटंट मिळत नव्हते, केवळ तो तयार करण्याच्या प्रक्रियेवर मिळत होते. १ जानेवारी २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागले.

या अनुभवाचे दोन अर्थ सामान्यतः लावले जातात. पहिल्या मांडणीनुसार १९७० च्या पेटंट कायद्याने परदेशी मक्तेदारी मोडून काढली, त्यामुळे देशी उद्योग उभा राहिला आणि औषधे स्वस्त झाली. हिला सोयीसाठी ‘स्वावलंबनवादी’ मांडणी म्हणता येईल. दुसऱ्या मांडणीनुसार त्याच कायद्याने भारतीय उद्योगाला अनुकरणाची सवय लावली आणि उत्पादन पेटंट आल्यावरच खऱ्या संशोधनाला चालना मिळणे शक्य झाले. ही ‘हक्कवादी’ मांडणी होय. दोन्ही बाजूंनी विपुल लेखन झाले आहे आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमांतही हा वाद बहुधा याच दोन टोकांवर शिकवला जातो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही मांडण्यांची चिकित्सा केली आहे. निष्कर्षांत त्या परस्परविरोधी असल्या तरी दोहोंचे गृहीतक एकच आहे. कायदा हेच कारण आणि उद्योगाची स्थिती हा त्याचा परिणाम, असे दोघीही मानतात. या गृहीतकामुळे तंत्रज्ञान आत्मसात करण्याची, ते सुधारण्याची आणि टिकवून ठेवण्याची सामाजिक क्षमता चर्चेबाहेर राहते. त्याची किंमत शेवटी रुग्णाला मोजावी लागते, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

सिद्धांताची बाजू

पेटंटचे आर्थिक समर्थन ज्ञानाच्या स्वरूपातून निघते. ज्ञान एकाने वापरले म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि एकदा प्रकट झाल्यावर इतरांना त्यापासून दूर ठेवणे कठीण असते. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, या गुणधर्मांमुळे मुक्त बाजारपेठ संशोधनात समाजाला आवश्यक तेवढी गुंतवणूक करणार नाही. पेटंट हा त्यावरील एक उपाय आहे. ठराविक मुदतीची मक्तेदारी देऊन संशोधकाला खर्च भरून काढण्याची संधी द्यावी, असे त्याचे सूत्र आहे. मात्र उपायालाही किंमत आहे. मक्तेदारीच्या काळात वस्तूची किंमत सीमांत खर्चापेक्षा वर राहते आणि जे ग्राहक सीमांत खर्च देऊ शकले असते, पण मक्तेदारीची किंमत देऊ शकत नाहीत, ते वंचित राहतात. विल्यम नॉर्डहाउस यांनी १९६९ मध्ये पेटंटच्या इष्टतम मुदतीचा प्रश्न मांडला, तो याच दोन बाजूंचा तोल साधण्यासाठी. फ्रिट्झ मॅक्लप यांनी तर १९५८ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीसाठी केलेल्या अभ्यासात असा निर्वाळा दिला होता की, पेटंट व्यवस्था अस्तित्वात नसती तर ती सुरू करण्याची शिफारस करण्याइतका पुरावा हाती नाही आणि ती दीर्घकाळ अस्तित्वात असल्यामुळे रद्द करण्याची शिफारस करण्याइतकाही नाही.

हक्कवादी मांडणीच्या बाजूने एक गोष्ट येथे मान्य करणे आवश्यक आहे. सर्व उद्योगांत पेटंटचे महत्त्व सारखे नसते आणि औषधोद्योगात ते सर्वाधिक असते. एडविन मॅन्सफिल्ड यांनी अमेरिकेतील १०० कंपन्यांच्या पाहणीवरून १९८६ मध्ये असा अंदाज मांडला की, पेटंट नसते तर औषधक्षेत्रातील सुमारे ६० टक्के शोध विकसितच झाले नसते. इतर बहुतेक उद्योगांत हे प्रमाण अगदी अल्प होते. रेणूची नक्कल करणे सोपे आणि त्याच्या चाचण्या महाग, हे यामागील कारण आहे. तेव्हा ‘पेटंटची गरजच नाही’ असे औषधांच्या बाबतीत सरसकट म्हणता येत नाही.

तथापि मॅन्सफिल्ड यांचा निष्कर्ष अमेरिकी बाजारपेठेतील अमेरिकी कंपन्यांविषयी आहे. तो जसाच्या तसा भारताला लागू करताना एक पायरी गाळली जाते. जागतिक औषधविक्रीच्या मूल्यात भारतासारख्या देशाचा वाटा लहान असतो. त्यामुळे भारतात मिळणाऱ्या पेटंटमुळे जागतिक संशोधनाला मिळणारे अतिरिक्त प्रोत्साहन अल्प असते. उलट खिशातून खर्च करणाऱ्या रुग्णांची संख्या प्रचंड असल्यामुळे किंमतवाढीने होणारी हानी मोठी असते. शुभम चौधरी, पिनलोपी गोल्डबर्ग आणि पांले ज्या यांनी २००६ मध्ये क्विनोलोन गटातील प्रतिजैविकांच्या भारतीय बाजारपेठेवरून केलेल्या अनुमानात याचे प्रमाण दिसते. या औषधांवर पेटंट लागू असते तर भारताचे वार्षिक कल्याणनुकसान सुमारे ३०.५ कोटी डॉलर झाले असते, त्यातील बहुतांश भार ग्राहकांवर पडला असता आणि किंमतनियंत्रण असताना परदेशी कंपन्यांचा वार्षिक लाभ सुमारे २ कोटी डॉलरच राहिला असता, असे त्यांना आढळले. नुकसान आणि प्रोत्साहन यांतील ही तफावत हक्कवादी मांडणी सहसा विचारात घेत नाही.

१९७० चा कायदा : श्रेय आणि मर्यादा

स्वावलंबनवादी मांडणीचा आरंभ न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालापासून होतो. भारतात दिलेल्या पेटंटांपैकी ८० ते ९० टक्के परदेशीयांच्या मालकीची होती आणि त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक पेटंटांचा भारतात उत्पादनासाठी वापरच होत नव्हता, हे त्या अहवालाने निदर्शनास आणले. पेटंट हे येथे तंत्रज्ञान आणण्याचे साधन न राहता आयातीची बाजारपेठ राखून ठेवण्याचे साधन झाले होते. याच सुमारास अमेरिकेतील केफॉव्हर समितीनेही भारतातील औषधांच्या किमती जगात सर्वाधिक असलेल्या देशांच्या पंक्तीत असल्याचे नोंदवले होते.

अय्यंगार अहवालाचे मर्म असे की, त्याने पेटंटकडे नैसर्गिक हक्क म्हणून न पाहता आर्थिक धोरणाचे साधन म्हणून पाहिले. देशाच्या विकासाच्या टप्प्यानुसार त्या साधनाची रचना बदलावी, असा त्याचा रोख होता. हा विचार अपवादात्मकही नव्हता. पश्चिम जर्मनीने १९६८ मध्ये, जपानने १९७६ मध्ये आणि स्वित्झर्लंडने १९७७ मध्ये औषधांवर उत्पादन पेटंट देण्यास प्रारंभ केला. इटलीत ते १९७८ मध्ये न्यायालयीन निर्णयामुळे आले. म्हणजेच औषधोद्योगात अग्रेसर असलेल्या देशांनीही आपला उद्योग भक्कम झाल्यावरच हा हक्क स्वीकारला. २० एप्रिल १९७२ पासून अमलात आलेल्या भारतीय कायद्याने औषधांवर केवळ प्रक्रिया पेटंट ठेवले आणि त्याची मुदत पेटंट मुद्रांकित झाल्यापासून ५ वर्षे किंवा अर्जापासून ७ वर्षे, यांतील जी कमी असेल ती, अशी ठरवली.

त्यानंतरचे परिवर्तन निर्विवाद आहे. १९७० च्या सुमारास देशी औषधबाजाराचा जवळजवळ दोन-तृतीयांश हिस्सा बहुराष्ट्रीय कंपन्यांकडे होता. पुढील साडेतीन दशकांत तो एक-चतुर्थांशाच्या आसपास उतरला. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तिहेरी औषधयोजना प्रतिरुग्ण वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केली, तेव्हा त्याच उपचाराचा पाश्चात्त्य बाजारातील दर १० ते १५ हजार डॉलर होता. या घटनेचे आर्थिक महत्त्व केवळ किमतीपुरते नाही. त्या योजनेतील स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन या तीन औषधांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. ती एकाच गोळीत आणणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठी सुधारणा होती आणि जेथे तिन्ही रेणू पेटंटमुक्त होते तेथेच ती सहजपणे होऊ शकली. नवप्रवर्तन संचयी असते, एका शोधावर दुसरा उभा राहतो आणि पहिल्यावरील कडक हक्क दुसऱ्याच्या वाटेत येऊ शकतो, हा सुझन स्कॉचमर यांचा १९९१ मधील मुद्दा येथे प्रत्यक्षात दिसतो. अनुकरण आणि नवप्रवर्तन यांत हक्कवादी मांडणी आखते ती रेषा त्यामुळे तितकीशी स्पष्ट राहत नाही.

असे असले तरी सारे श्रेय कायद्याला देणे इतिहासाला धरून होत नाही. औषधांवरील पेटंट नाकारणारा भारत हा एकमेव देश नव्हता. ब्राझीलने १९४५ पासून औषधांना उत्पादन पेटंट दिले नाही आणि १९६९ मध्ये प्रक्रिया पेटंटही काढून टाकले. तरी तेथे मूळ औषधद्रव्ये बनवणारा भारतासारखा व्यापक उद्योग उभा राहिला नाही. कायदा समान असूनही परिणाम भिन्न होतो, तेव्हा स्पष्टीकरण अन्यत्र शोधावे लागते.

भारतात ते शोधण्यासाठी पिंपरीपर्यंत जावे लागेल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सार्वजनिक कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. १९६१ मध्ये सोव्हिएत सहकार्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही दुसरी कंपनी आली. तिचा प्रतिजैविकांचा कारखाना ऋषिकेशला आणि संश्लेषित औषधांचा कारखाना हैदराबादला उभारण्यात आला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये आणि लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ मध्ये कार्यरत झाली. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग तर १९३३ पासून रासायनिक अभियंते घडवत होता. म्हणजे १९७२ मध्ये कायद्याने दार उघडले, तेव्हा आत शिरण्याइतके मनुष्यबळ आधीच तयार होते.

या प्रक्रियेचे बोलके उदाहरण म्हणजे डॉ. के. अंजी रेड्डी यांची वाटचाल. त्यांचे तंत्रशिक्षण मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागात झाले, पीएच.डी.चे संशोधन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले, पुढे त्यांनी हैदराबादच्या सार्वजनिक कारखान्यात नोकरी केली आणि १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीजची स्थापना केली. तीन सार्वजनिक संस्थांतून गेलेले ज्ञान अखेर खासगी उद्योगात फळाला आले. सिप्लाने १९९० च्या दशकात एड्सवरील झिडोव्हुडीन बाजारात आणले, तेही हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या प्रक्रियेच्या आधारे. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल यांनी १९९० मध्ये उद्योगसंस्थेच्या ‘ग्रहणक्षमते’ची संकल्पना मांडली. बाहेरचे ज्ञान ओळखून आत्मसात करण्यासाठी आधी स्वतःजवळ ज्ञान असावे लागते, असा तिचा आशय आहे. भारतात ही ग्रहणक्षमता सार्वजनिक खर्चातून निर्माण झाली होती. त्याखेरीज १९७० चा औषधकिंमत नियंत्रण आदेश, परदेशी भागभांडवलावर मर्यादा आणणारा १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा आणि १९७८ चे औषध धोरण यांचाही परिणामात वाटा आहे. पेटंट कायदा ही या साखळीतील आवश्यक कडी होती, पुरेशी नव्हती.

२००५ नंतर : वचन आणि अनुभव

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारानुसार भारताने १९९९, २००२ आणि २००५ अशा तीन टप्प्यांत कायद्यात दुरुस्त्या केल्या. २००२ च्या दुरुस्तीने पेटंटची मुदत २० वर्षे झाली आणि २००५ च्या दुरुस्तीने उत्पादन पेटंट आले. या बदलाचे समर्थन करताना दोन वचने दिली गेली. देशी कंपन्या नव्या रेणूंच्या संशोधनाकडे वळतील आणि बहुराष्ट्रीय कंपन्या आपले संशोधन व उत्पादन भारतात आणतील, अशी ती वचने होती.

पहिल्या वचनाबाबत काळाचा क्रम लक्षात घेणे महत्त्वाचे आहे. डॉ. रेड्डीजने मधुमेहावरील आपला एक रेणू डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीला विकासासाठी दिला तो १९९७ मध्ये, म्हणजे भारतात उत्पादन पेटंट येण्याच्या आठ वर्षे आधी. तो रेणू पुढे बाजारापर्यंत पोहोचला नाही, हा भाग वेगळा. संशोधनाचे आकर्षण अमेरिका आणि युरोपातील पेटंटसंरक्षित बाजारपेठेत होते आणि ते भारतीय कंपन्यांना देशी कायदा न बदलताही उपलब्ध होते. २००५ नंतर कंपन्यांचा संशोधनखर्च वाढला हे खरे, परंतु त्यातील मोठा भाग अमेरिकी बाजारासाठी जेनेरिक औषधांची मान्यता मिळवणे आणि औषध देण्याच्या नव्या पद्धती विकसित करणे यांकडे वळला. अहमदाबादच्या झायडस कंपनीचे सारोग्लिटाझार २०१३ मध्ये आले. अशी उदाहरणे अभिमानास्पद आहेत, पण ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुसरीकडे रॅनबॅक्सी ही अग्रगण्य कंपनी २००८ मध्ये जपानच्या दाइइची सांक्योकडे गेली आणि २०१० मध्ये पिरामल हेल्थकेअरचा देशांतर्गत औषधव्यवसाय अमेरिकेच्या ॲबटने विकत घेतला.

किमतींबाबतचा पुरावा मात्र स्वावलंबनवादी मांडणीलाही अडचणीत टाकणारा आहे. मार्क डुगन, क्रेग गार्थवेट आणि अपराजिता गोयल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पेटंट मिळालेल्या रेणूंच्या किमती सरासरी ३ ते ६ टक्केच वाढल्याचे आढळले. हा आकडा पेटंट निरुपद्रवी असल्याचा पुरावा म्हणून वापरला जातो. तो तसा वाचणे घाईचे ठरेल. त्या काळात बाजारात आधीपासून असलेल्या जेनेरिक उत्पादकांना कायद्याने ठराविक अटींवर उत्पादन चालू ठेवण्याची मुभा दिली होती. ज्या रेणूंचा एकच उत्पादक होता, त्यांच्या बाबतीत वाढ अधिक होती. शिवाय किंमतनियंत्रणाची आणि सक्तीच्या परवान्याची शक्यता कंपन्यांच्या निर्णयांवर छाया टाकून होती. म्हणजे किमती आटोक्यात राहिल्या त्या पेटंटसोबत ठेवलेल्या संरक्षक तरतुदींमुळेही. त्या तरतुदी काढून घेतल्यास तोच परिणाम मिळेल, असे या अभ्यासावरून म्हणता येत नाही. त्याचबरोबर २००५ मध्ये वर्तवली गेलेली सरसकट आपत्तीची भाकितेही खरी ठरली नाहीत, हे स्वावलंबनवादी अभ्यासकांनी मान्य करावयास हवे.

कलम ३(ड) आणि सक्तीचा परवाना

या संरक्षक तरतुदींपैकी दोन विशेष महत्त्वाच्या आहेत. कलम ३(ड) नुसार ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपावर, त्यामुळे परिणामकारकता वाढत असल्याशिवाय, पेटंट मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने केलेला दावा चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. औषधाच्या संदर्भात परिणामकारकता म्हणजे उपचारात्मक परिणामकारकता, असा अर्थ न्यायालयाने लावला. कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि जेनेरिक औषधाचा सुमारे ८ ते १० हजार रुपये होता, हे पाहिले म्हणजे या शब्दार्थाचे मोल कळते.

या निर्णयावर नवप्रवर्तनविरोधी असल्याची टीका झाली. अर्थशास्त्रीय दृष्टीने ती टिकत नाही. कलम ३(ड) नव्या रेणूला पेटंट नाकारत नाही. जुन्या रेणूची मुदत लहानसहान बदलांनी लांबवण्यास ते अटकाव करते. प्रोत्साहन खऱ्या शोधाकडे वळवणे हा नवप्रवर्तन धोरणाचाच भाग आहे. २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या क्षाररूपावरील दावा फेटाळला. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनीही त्या दाव्याला आव्हान दिले होते. तो मान्य झाला असता तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. मूळ पेटंट २०२३ च्या जुलैत संपले. जगातील सुमारे एक-चतुर्थांश क्षयरुग्ण ज्या देशात आहेत, तेथे चार वर्षांचा हा फरक कागदोपत्री नाही. याच औषधाच्या विकासात झालेली सार्वजनिक गुंतवणूक मूळ कंपनीच्या गुंतवणुकीहून अधिक असल्याचे २०२० मधील एका अभ्यासात दाखवण्यात आले. खर्च समाजाने सोसावा आणि किंमत ठरवण्याचा अधिकार मात्र एकाच कंपनीकडे जावा, ही विसंगती त्यातून समोर येते.

दुसरी तरतूद सक्तीच्या परवान्याची. २०१२ च्या मार्चमध्ये पेटंट नियंत्रकांनी यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील सोराफेनिबसाठी हैदराबादच्या नॅटको कंपनीला असा परवाना दिला. बायरच्या औषधाची महिन्याची किंमत २ लाख ८० हजार ४२८ रुपये होती. नॅटकोने ती ८ हजार ८८० रुपये ठेवली आणि बायरला स्वामित्वशुल्कही मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा निर्णय उचलून धरला. तथापि त्यानंतर दशक उलटले तरी या कलमाखाली दुसरा परवाना दिला गेला नाही. कायद्यात तरतूद असणे आणि ती वापरण्याची प्रशासकीय तयारी असणे या भिन्न गोष्टी आहेत. नॅटकोच्या प्रकरणात पेटंटच्या प्रत्यक्ष वापराबाबत कंपनीनेच सादर केलेली विवरणपत्रे निर्णायक पुरावा ठरली होती. २०२४ च्या नियमदुरुस्तीने ती दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा सादर करण्याची सवलत दिली. अय्यंगार अहवालाचा मूळ प्रश्नच पेटंटचा देशात वापर होतो की नाही हा होता. त्या प्रश्नाचे उत्तर देणारी माहितीच विरळ होऊ देणे, हे त्या विचारापासून दूर जाणे आहे.

क्षमतेचा विसर

दोन्ही मांडण्यांनी कायद्यावर लक्ष केंद्रित केले असताना ज्या पायावर उद्योग उभा राहिला, तो पाया खचत गेला. १९९० च्या दशकात आयात खुली झाली, चीनमधून स्वस्त पेनिसिलिन-जी येऊ लागले आणि कालांतराने देशातील त्याचे उत्पादन थांबले. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आजारी उद्योगांच्या यादीत गेली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची देणी भागवण्यासाठी तिच्या अतिरिक्त जमिनीच्या विक्रीला मान्यता दिली. ज्या कारखान्याने भारताला पेनिसिलिन बनवण्यास शिकवले, त्याची मोजदाद अखेर जमिनीच्या मूल्यात झाली.

या विसराची किंमत २०२० मध्ये कळली. आयात होणाऱ्या मूळ औषधद्रव्यांपैकी सुमारे ७० टक्के द्रव्ये चीनमधून येतात, ही गोष्ट महासाथीच्या काळात चिंतेचा विषय झाली. केंद्र शासनाने ६ हजार ९४० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि तिच्या आधारे २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकीनाडा परिसरात पेनिसिलिन-जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. ही स्वागतार्ह घटना आहे. परंतु सात दशकांपूर्वी सार्वजनिक पैशाने मिळवलेली क्षमता गमावून तीच पुन्हा सार्वजनिक पैशाने उभी करावी लागणे, हे धोरणाच्या सातत्याविषयी फारसे अनुकूल मत होऊ देत नाही. किण्वन तंत्रज्ञानात वर्षानुवर्षांच्या सरावाने येणारे कौशल्य असते. जीवाणू-बुरशींचे वाण सुधारणे, उतारा वाढवणे, संसर्ग टाळणे या गोष्टी पेटंटच्या कागदावर लिहिलेल्या नसतात. कारखाना बंद पडला की ते ज्ञानही विखुरते.

महासाथीतील लसीचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी २ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक व्यापार संघटनेत ट्रिप्समधील तरतुदी तात्पुरत्या शिथिल करण्याचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये त्यावर निर्णय झाला तो केवळ लसींपुरता आणि बराच पातळ झालेल्या स्वरूपात. प्रस्ताव न्याय्य होता. पण त्याच काळात पुण्यात कोट्यवधी मात्रा तयार झाल्या त्या ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाकडून मिळालेल्या तंत्रज्ञान हस्तांतरणामुळे आणि १९६६ पासून लसनिर्मितीत असलेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या क्षमतेमुळे. कोव्हॅक्सिनच्या मुळाशीही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू होता. हक्काचा अडसर दूर करणे आवश्यक असते; मात्र अडसर दूर झाल्यावर चालू शकणारे पाय त्याआधी घडवावे लागतात.

या पार्श्वभूमीवर २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगाचा वाटा निम्म्याहून कमी होता, ही वस्तुस्थिती अर्थपूर्ण ठरते. पंधरा वर्षे उत्पादन पेटंट असूनही खासगी संशोधनाची ही स्थिती असेल, तर केवळ हक्क बळकट केल्याने गुंतवणूक येते या गृहीतकाचा पुनर्विचार करणे भाग आहे. २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडून मोठ्या अपेक्षा आहेत. पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांच्या त्याच्या नियोजनातील बहुतांश रक्कम शासनाबाहेरून येणे अपेक्षित असल्यामुळे त्या अपेक्षांची कसोटी अद्याप लागायची आहे.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, १९७० च्या कायद्याने अवकाश निर्माण केला, परंतु तो भरून काढणारी क्षमता त्याआधीच्या दोन दशकांतील सार्वजनिक संस्थांनी घडवली होती. स्वावलंबनवादी मांडणी या संस्थांचे ऋण पुरेसे मान्य करत नाही आणि त्यामुळे त्यांच्या ऱ्हासाकडेही तिचे दुर्लक्ष झाले. दुसरा असा की, २००५ च्या बदलाने दिलेली संशोधनाची वचने मर्यादित प्रमाणातच पूर्ण झाली आणि किमतींबाबतची हानी मर्यादित राहिली ती ज्या तरतुदींमुळे, त्यांनाच हक्कवादी मांडणी अडथळा समजते. तिसरा असा की, नवप्रवर्तन धोरणाचे मूल्यमापन पेटंटांच्या संख्येवर करणे अपुरे आहे. देशात कोणत्या वस्तू बनवण्याचे ज्ञान टिकून आहे, ते कोणत्या आजारांच्या कामी येते आणि सार्वजनिक खर्चातून निर्माण झालेल्या ज्ञानावर समाजाचा कोणता अधिकार राहतो, हे निकष त्यात यावयास हवेत.

त्यानुसार धोरणाची दिशाही सुचते. कलम ३(ड) कायम राखणे, पेटंटच्या वापराची विवरणपत्रे पुन्हा दरवर्षी व उघडपणे मागवणे आणि सार्वजनिक निधीतून झालेल्या संशोधनाच्या परवान्यांत किमतीची व पुरवठ्याची अट घालणे, ही पावले कायद्याच्या कक्षेतील आहेत. त्यांच्या जोडीला विद्यापीठे, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि कारखाने यांच्यातील मनुष्यबळाची ती जुनी ये-जा पुन्हा सुरू करणे अगत्याचे आहे. मुंबईच्या वर्गातून पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि तेथून हैदराबादच्या कारखान्यात गेलेली वाट कोणत्याही पेटंट कार्यालयाने आखलेली नव्हती. ती सार्वजनिक शिक्षणाने आखली होती. आज प्रयोगशाळांतील रिक्त पदे, अनियमित शिष्यवृत्त्या आणि मूलभूत विज्ञानाकडे घटता ओढा यांविषयी महाविद्यालयांत जी चिंता व्यक्त होते, ती म्हणूनच केवळ शैक्षणिक प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. उद्याचे औषध देशात बनेल की नाही आणि ते सामान्य रुग्णाच्या आवाक्यात असेल की नाही, याचा निर्णय बऱ्याच अंशी तेथेच होणार आहे.